स्पंजवरचे वळ

३ सप्टेंबर

आज सकाळी दूध उतू गेलं आणि पातेलं घासता घासता मला शाळेच्या पायऱ्या आठवल्या. सरकारकडून येणाऱ्या दुधाच्या छोट्या बाटल्या मधल्या सुट्टीपर्यंत उन्हात उभ्या असायच्या. दूध कोमट व्हायचं, वर सायीचं बूच बसायचं. सिस्टर इमॅक्युलाटा दोन्ही हात झग्याच्या बाह्यांत घालून समोर उभ्या. बाटली रिकामी झाल्याशिवाय सुटका नाही. मला वासानेच भडभडून यायचं. सिस्टरांची पाठ वळली की वर्गातली कोरली माझी बाटली घ्यायची, एका दमात रिचवायची आणि रिकामी करून माझ्या हातात द्यायची. ओठांवरची पांढरी मिशी माझ्याच रुमालाला पुसायची.

तिलाही ते दूध आवडायचं नाही, हे तिने मला साठी उलटल्यावर सांगितलं.

"मग प्यायचीस कशाला?"

"तू रडायला लागायचीस, डिम्फ."

अजूनही माझा चहा ती न सांगता कोराच करते.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. आज प्रदर्शन समितीची बैठक झाली. गेल्या हिवाळ्यात वारलेले क्लेमंट पायबस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, यांनी ग्लेनमोरा शेतकी प्रदर्शनाला मोठी ठेव दिली आहे. मर्व्ह डगनने मृत्युपत्र वाचून दाखवलं. मर्व्ह आमचा अध्यक्ष. हेरेफर्ड जातीची तांबडी, पांढऱ्या तोंडाची गुरं पाळतो आणि माणसांकडेही त्याच नजरेने बघतो: पाय सरळ आहेत का, पाठ सपाट आहे का. चष्मा तो कधीच बरोबर आणत नाही. आज माझा लावून वाचला.

तर ठेवीच्या व्याजातून दर वर्षी खोऱ्यातल्या एका लेकराला विद्यापीठात शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती द्यायची. कुठलंही लेकरू नव्हे. "आमच्यासारखं," असं पायबस लिहितात, "म्हणजे माझ्यासारखं आणि लिओसारखं. त्यांना त्यांची दुःखं विचारू नयेत. त्यांनी हाताने बनवलेली एखादी वस्तू आणावी आणि ती किती जीव लावून बनवली आहे एवढंच पाहावं." पैसे थेट विद्यापीठाकडे, जिंकणाऱ्याच्याच नावाने. मानाचा पट्टा मात्र प्रदर्शनाच्या मैदानात, पहिल्या नंबराच्या बैलाला घालतात तसा, सगळ्यांसमोर घालायचा. आणि एखाद्या वर्षी तो दिला गेला नाही, तर सगळी ठेव पोर्ट एस्करच्या नौका क्लबाला.

पोर्ट एस्करचं, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांच्या गावाचं, नाव निघताच सगळी समिती कण्हली.

"खाली वकिलाने काही अक्षरं लिहिलीत," मर्व्ह म्हणाला. "एल, जी, बी, टी, क्यू... हे काय आहे? गुरांच्या कानातले बिल्ले?"

कोणीतरी त्याला समजावलं. तो "बरं बरं" म्हणाला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "या वस्तूंचं टेबल सांभाळायला यातलं कळणारं माणूस हवं."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मला संकोच वाटला, पण बरंही वाटलं. माझ्या स्पंज केकची एवढी कदर असेल असं वाटलं नव्हतं. परीक्षक अर्थातच कोरली. खोऱ्यात तिच्याइतकी निष्ठुर परीक्षक दुसरी नाही.

रात्री दिवा मालवताना मी कोरलीला म्हटलं, "म्हणजे लिओ भाडेकरू नव्हताच! इतकी वर्षं एका घरात, एका टेबलावर जेवायचे आणि कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत. कमाल आहे ना?"

"कमाल आहे," कोरली म्हणाली आणि गरम पाण्याची पिशवी माझ्या बाजूला सरकवली.

१९ सप्टेंबर

अर्जांची पेटी सहकारी भांडाराच्या गल्ल्यावर ठेवली होती. आज उघडली. आत एक चॉकलेटचा कागद आणि गाड्या कुठेही लावतात याबद्दल एक तक्रार.

मी मर्व्हला म्हटलं, "अरे, गल्ल्यावर पेटी ठेवून कोण अर्ज टाकेल? तिथे पाव घ्यायला गेलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं कुठला घेतला."

"मग काय करायचं? मी माईकवरून बोलावू?"

"खबरदार!"

शेवटी कोरलीने तोडगा काढला. लोणच्या-मुरंब्यांच्या टेबलावर करतो तसं: वस्तू बंद मंडपात गुपचूप आणून ठेवायची, सगळ्या टेबलांच्या एकाच पेटीतून नंबराची जोडचिठ्ठी घ्यायची, अर्धी वस्तूला चिकटवायची, अर्धी स्वतःच्या खिशात. नाव कुठेच नाही. जिंकलात तरच पुढे यायचं.

२ ऑक्टोबर

दुपारी व्हर्ना टॉलंडची नात मागच्या दाराशी आली.

"मिसेस गॉर्मन, अंडी मिळतील का?"

"अगं, तुमच्याकडे आमच्याहून जास्त कोंबड्या आहेत."

बराच वेळ पायाने माती उकरली. मग म्हणाली, "मग स्पंज शिकवाल?"

आत बसवलं. बिस्किटं पुढे केली. तेव्हा कळलं की ती नात नाही, नातू आहे. बरीच वर्षं आहे. स्वतःचं नाव त्याने अँगस ठेवलंय. वर "नात" लिहिलंय ते राहू दे, इथून पुढे तो. मला सुचलं ते फार बावळटासारखं. मी म्हटलं, "मर्व्हला नाव सांगू नकोस हं. त्याची गुरं हेरेफर्ड. अँगस म्हणजे ती काळी गुरं, पलीकडच्या खोऱ्यातली. नाव काढलं तरी त्याचं रक्त खवळतं."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

त्याला होबार्टला जाऊन समुद्रशास्त्र शिकायचंय. मार्क भरपूर आहेत. पैसे नाहीत. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर इथल्या शेडमध्ये सफरचंदं पेट्यांत भरत बसायचं. आई-वडील नाहीत, व्हर्नाने वाढवलंय आणि व्हर्नाला यातलं काही ठाऊक नाही.

"आजीने तोंड फिरवलं तर मला दुसरं कोणी नाही," असं तो बिस्किटाकडे बघत म्हणाला. "म्हणून नंबराची चिठ्ठी बरी. जिंकलो तर सांगेन. हरलो तर कोणाला कळायलाच नको."

जाताना दारात थांबला. "तुम्ही आणि मिस कोरली विक्सनी कसं सांगितलं हो लोकांना?"

"सांगायचं काय त्यात? कोरलीने पोस्टात पत्ता बदलल्याचं कळवलं. बस."

"एवढं सोपं?"

"पोस्टमास्तर चांगला होता," मी म्हटलं.

तो माझ्याकडे फार आदराने बघत राहिला. का ते कळलं नाही. गोड मुलगा आहे.

२४ ऑक्टोबर

पहिला स्पंज बशीसारखा झाला. दुसरा टोपीसारखा. तिसरा ओव्हनमधून काढताना अँगसला शिंक आली आणि तो आमच्या डोळ्यांदेखत बसला. केक, अँगस नव्हे.

"कसं कळतं झालाय ते?" त्याने विचारलं.

"बोटाने हलकेच दाबायचं. परत वर आला की झाला. घाई केलीस की खचतो, भीती धरलीस की करपतो."

तो स्वयंपाकघरात असला की कोरली बाहेर जाऊन कुंपण दुरुस्त करते. परीक्षकाने बघायचं नाही म्हणे. आता त्या कुंपणातून ससासुद्धा जाणार नाही.

अँगस हात धुवायला गेला आणि चुकून मागच्या खोलीत शिरला. तिथे माझ्या पलंगावर गेल्या हंगामातली शेवटची सफरचंदं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. त्याने विचारलं, ही कोणाची खोली? मी म्हटलं, माझी. त्याने पलंगाकडे बघितलं, सफरचंदांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं. माझा नवरा फ्रँक गेला तेव्हा कोरली अंत्यविधीला एका रात्रीपुरती आली आणि राहिली. तिला मोठी खोली दिली, मी मागची घेतली. पण मागची खोली कोरडी आणि थंड, सफरचंदांना उत्तम. म्हणून मार्चमध्ये, हिवाळा तोंडावर आला की, ती माझ्या पलंगावर पसरायची आणि मी हिवाळ्यापुरतं मोठ्या खोलीत जायचं. नोव्हेंबरात सफरचंदं संपतात, पण मग पुन्हा अंथरूण घालण्यात काही अर्थ नसतो, मार्च येतोच.

"बरोबर," अँगस गंभीरपणे म्हणाला.

८ नोव्हेंबर

एक नव्हे, दोन वस्तू! संध्याकाळी मंडपात गेले तर पायबस टेबलावर अँगसचा स्पंज, पंधरा नंबर, आणि त्याच्याशेजारी सफरचंदाच्या जेलीची बाटली, सोळा नंबर. अशी जेली मी जन्मात पाहिली नाही. मागे चर्चची रंगीत काच धरावी तशी. म्हणजे या खोऱ्यात आणखी एक लेकरू आहे, एकटं, चोरून जेली गाळत बसणारं! मला तिथेच रडू आलं. रुमालाने बाटलीचं झाकण पुसलं.

मग कोरली आली. पांढरा कोट, हातात सुरी. स्पंज उचलून खालून बघितला.

"जाळीचे वळ," ती म्हणाली.

केक निववताना जाळीवर फडकं घालायचं असतं, नाहीतर तारांच्या रेघा खाली उमटतात. मी अँगसला अंडी फेटायला शिकवलं, पीठ चाळायला शिकवलं आणि फडकं सांगायचं विसरले.

"कोरली, एवढ्याशा रेघा..."

"पहिला नंबर जेली." आणि कार्ड ठेवलं.

"तुला माहीत आहे तो स्पंज कुणाचा आहे!"

"तो कुठल्या ओव्हनमधून आलाय ते माहीत आहे. म्हणून जास्त कडक बघितला."

आज मी मागच्या खोलीत झोपणार आहे.

९ नोव्हेंबर, सकाळी

सफरचंदांबरोबर झोपणं अशक्य. कूस बदलली की एक खाली पडून गडगडत जातं. पाय बर्फ झाले. शेवटी परत आले. कोरलीने डोळे न उघडता पांघरूण वर धरलं. राग मात्र अजून तस्साच आहे.

त्या जेलीवाल्या लेकराचं वाईट चिंतता येत नाही, हीच पंचाईत. पण अँगसचं काय?

९ नोव्हेंबर, संध्याकाळी

सगळं लिहून काढते.

मैदानात गुरांची मिरवणूक सुरू होती. मर्व्ह चौथऱ्यावर माईक धरून, कोट, टाय, गळ्यात समितीचा बिल्ला; शेजारी आम्ही दोघी आणि मंडपातून आणून ठेवलेले स्पंज आणि जेली. भाषण त्याने महिनाभर पाठ केलं होतं, त्याच्या म्हशीसारख्या शांत गायींना म्हणून दाखवलं होतं.

"पायबस पट्टा! सोळा नंबर!" तो गरजला. "ये बाळा. लाजू नकोस. तू जे कोणी आहेस, जसं कोणी आहेस, या खोऱ्याचं लेकरू आहेस. छाती पुढे काढ आणि ये. इथे तुला कोणी बोट लावणार नाही, लावलं तर मला येऊन सांग."

इतकं सुंदर बोलला की मेंढ्यासुद्धा गप्प झाल्या. कोणी पुढे येईना.

"सोळा! अरे, भिऊ नकोस! अध्यक्ष तुझ्या पाठीशी आहे!"

कोणी नाही.

"चिठ्ठी विसरला असशील. सगळ्यांनी आपापले खिसे बघा. हे असं." आणि कसं बघायचं ते दाखवायला त्याने स्वतःच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. हातात चिठ्ठी आली. त्याने ती लांब धरली, जवळ धरली आणि मला दिली. "डिम्फना, चष्मा नाही माझ्याकडे. कुठला आकडा आहे हा?"

मी वाकून, सरळ माईकमध्ये वाचलं, "सोळा."

मग बिअरच्या तंबूतून आवाज आला, "एकदाचं बोललास, मर्व्ह! शाब्बास!" आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. दोघा-तिघांनी कुंपणावरून हात घालून त्याची पाठ थोपटली. एक म्हातारा म्हणाला, "आम्हाला कधीचंच वाटत होतं. बैलांच्या शेपट्या एवढ्या मायेने कोण विंचरतं?"

मर्व्ह त्याच्या हेरेफर्डांच्या रंगाचा झाला. मला आणि कोरलीला मागे ओढून म्हणाला, "जॉइसची जेली आहे ती! माझ्या बायकोची. ती गेल्यापासून मीच करतो. मुरंब्यांच्या टेबलावर ठेवायची होती, पण कोणी बघू नये म्हणून अंधार पडताना गेलो आणि चष्मा..."

"मग सांग माईकवर, चुकून ठेवली," मी म्हटलं. "आणि पट्टा पंधरा नंबरला दे."

"देता येत नाही," कोरली म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कार्ड ठेवलं की परीक्षकालाही उचलता येत नाही. त्याच टेबलावरच्या दुसऱ्या स्पर्धकाने उघड हरकत घ्यायला लागते. स्वतः पुढे येऊन, नाव सांगून. आणि गुरांची मिरवणूक मैदानाबाहेर पडायच्या आत."

"कोणत्या गाढवाने केला हा नियम?"

"मी. तू भोपळा बदललास त्या वर्षी."

मी कुंपणाकडे पाहिलं. अँगस तिथेच, व्हर्नाच्या शेजारी. दोन्ही हातांनी गज धरलेले. मी मान हलवली: नको, बाळा, नाही आलास तरी चालेल. मर्व्हने माझ्याकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्याला चष्मा नसताना जनावर लंगडतंय हे लांबून कळतं.

"हे बघा," तो हळूच म्हणाला, "भ्यायलेल्या वासराला ओढून मैदानात आणायचं नाही. पाय मोडून घेतं. मीच घेतो पट्टा. ठेव पोर्ट एस्करला जायला नको. पुढच्या वर्षी त्याला धीर आला की बघू."

"अरे, पण पैसे विद्यापीठात, तुझ्याच नावाने जाणार!"

"मग जातो विद्यापीठात. काय शिकायचंय?"

"समुद्रशास्त्र."

"समुद्र मला कधीच आवडला नाही," मर्व्ह म्हणाला. "पण शिकेन."

"आणि लोक काय समजतील?"

"जे समजायचं ते समजू देत. त्यांनी टाळ्या वाजवल्या ना? बैलाला काही फरक पडत नाही. आणि जॉइस असती तर हसून हसून गवतात लोळली असती."

माईक चालूच होता. हे सगळं सगळ्यांनी ऐकलं.

मिरवणुकीतली शेवटची जनावरं फाटकाबाहेर पडत होती. सगळ्यांत शेवटी मर्व्हचाच बैल, ब्रिगेडियर, पहिल्या नंबराचा. आणि ब्रिगेडियर फाटकात थांबला. त्याला पाठ खाजवायची होती. तो खांबाला टेकला, डोळे मिटले आणि घासू लागला. धरणाऱ्याने ओढलं, ढकललं. एवढ्या मोठ्या बैलाला काही घाई नव्हती.

"हरकत!"

आवाज मधेच चिरकला. अँगस कुंपण चढून आत उडी मारत होता. धावत आला, धापा टाकत चौथऱ्याशी उभा राहिला. मर्व्हने माईक खाली धरला.

"पंधरा नंबर. स्पंज माझा आहे," अँगस म्हणाला. "जेली चांगली आहे. खूप चांगली आहे. पण मर्व्हकाकांना समुद्र आवडत नाही, आणि मला आवडतो."

"नाव?" कोरलीने विचारलं. नियम म्हणजे नियम. पण तिने इतकं हळू विचारलं की तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्याने मागे वळून व्हर्नाकडे पाहिलं. "अँगस. अँगस टॉलंड."

ब्रिगेडियरच्या खाजवण्याचा खरखर आवाज तेवढा.

"अँगस?" मर्व्ह म्हणाला. "जगात एवढी नावं पडलीत आणि अँगस? माझ्या मैदानात? हेरेफर्ड नावात काय वाईट होतं?"

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. मग सगळंच मैदान हसलं. पण अँगस हसला नाही, कारण व्हर्ना निघाली होती. हातात पर्स, डोक्यावर चर्चची टोपी, शेणाची पर्वा न करता मैदानाच्या मधून सरळ. ती त्याच्याकडे बघेचना. चौथऱ्यावर आली, स्पंज उचलला, उलटा केला.

"हे वळ!" ती म्हणाली. "जाळीवर फडकं नाही घातलंस! घरी विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण नाही, आजीला चोरून दुसऱ्यांच्या घरी शिकायला गेलास. आणि डिम्फना गॉर्मन, कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का तुला?"

"आजी," अँगस म्हणाला, "तुला... तुला माहीत होतं?"

"अरे, रोज सकाळी खुराड्यात उभा राहून स्वतःचं नाव म्हणत असतोस. कोंबड्यांनासुद्धा पाठ झालंय." आणि मग पर्स खाली पडली, टोपी वाकडी झाली आणि तिने त्याला असं काही धरलं की स्पंज मधे चिरडला.

पट्टा बैलाच्या मापाचा. अँगसला दोनदा गुंडाळूनही उरला, म्हणून उरलेला व्हर्नाभोवती घातला.

कोरलीने जेलीवरचं कार्ड उचललं, चिरडलेल्या स्पंजवर ठेवलं आणि खाली लिहिलं: वळ असूनही. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, गवताचं कुसळ गेलं.

१७ नोव्हेंबर

मर्व्ह चहाला आला. सगळीकडे सांगत फिरतोय की ती जेली चुकून ठेवली होती, कोणी ऐकत नाही. काल पोर्ट एस्करचा एक निवृत्त नावाडी त्याला भेटायला आला, संत्र्याच्या मुरंब्याची बाटली घेऊन. मर्व्हने त्यालाही सांगितलं, गैरसमज झालाय. तो म्हणाला, असू दे, मुरंबा तर चाखून बघ. "माणूस बरा आहे," मर्व्ह म्हणाला. "साल जाड कापतो, पण बरा आहे. मंगळवारी परत येणार आहे."

मग म्हणाला, पट्ट्याच्या फलकावर पायबस आणि लिओच्या खाली समितीला आम्हा दोघींची नावं घालायची आहेत. नव्या मुलांना उदाहरण म्हणून.

"कशाचं उदाहरण?" मी विचारलं.

मर्व्हने डोळ्यांवरचा माझा चष्मा काढला आणि कोरलीकडे बघितलं.

"स्पंजचं," कोरली म्हणाली.

२१ फेब्रुवारी

उद्या अँगसला होबार्टला पोचवायचं. व्हर्नाने त्याच्या टॉवेलांवर, उशांच्या अभ्र्यांवर, मोज्यांवरसुद्धा नाव शिवलंय, अँगस टॉलंड, निळ्या दोऱ्यात. खोली मिळालीय ती मात्र रिकामी, पलंगसुद्धा नाही. मी म्हटलं, आमच्याकडे आहे की एक, कोणी वापरत नाही. म्हटलं आणि चादर काढायला मागच्या खोलीत गेले.

सफरचंदं नोव्हेंबरातच संपलीत. उघड्या गादीवर सगळीकडे गोल गोल वळ उमटले होते, ओळीने, वर्षानुवर्षांचे. माणसाच्या अंगाचा एकही खड्डा नव्हता. मी गादीवरून हात फिरवला. कोरली दारात येऊन थांबली.

"कोरली, मी इथे झोपले त्याला किती वर्षं झाली गं?"

"नोव्हेंबरात अर्धी रात्र झोपली होतीस. त्याआधीचं मला आठवत नाही."

"म्हणजे आपण..."

"हं."

"पायबस आणि लिओसारखं?"

"लिओ घोरायचा नाही," कोरली म्हणाली.

मी गादीच्या कडेवर बसले. शाळेपासूनचं सगळं एकेक करून आठवायला लागले आणि दर वेळी तिथे ती होतीच. "सगळ्या गावाला माहीत आहे?"

"व्हर्नाच्या कोंबड्यांना सोडून. त्यांना बहुतेक आता कळलं असेल."

"आणि तुला? तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने चादरीची दोन टोकं हातात घेतली, दोन माझ्याकडे फेकली. घडी घालत घालत माझ्यापर्यंत आली. "दुधापासून," ती म्हणाली.

उद्या गाडी मर्व्ह चालवणार आहे, वळणावळणाचा रस्ता आहे आणि चष्मा तो आणणार नाही. म्हणून कोणाला काय द्यायचं ते आजच लिहून ठेवते. कोंबड्या व्हर्नाला, पण पिसं झडलेल्या त्या तांबडीला वेगळं खायला घालायचं, ती लाजते. स्पंजचे दोन्ही साचे अँगसला, जाळी अँगसला, आणि तिच्याबरोबर निळ्या काठाचं ते जुनं फडकं, जाळीला बांधूनच द्यायचं. माझा चष्मा मर्व्हला. आता तो त्याचाच आहे. नावाडी येईल त्या मंगळवारी लावायला सांगावं, म्हणजे मुरंब्यात साल किती जाड आहे ते नीट दिसेल आणि तरी खाईल. पायबस टेबल आणि मंडपाची किल्ली पुढच्या वर्षी जिंकेल त्या लेकराला, ते कोण असेल ते असो. त्याला दुःखं विचारायची नाहीत. मागच्या खोलीतला पलंग, गादी आणि त्यावरचे वळ अँगसला. खोली सफरचंदांना, जमिनीवर पेंढा घालून. सुट्टीत अँगस आला तर सफरचंदं हलवावीत, त्याला नव्हे.

मोठ्या खोलीतली खिडकीकडची बाजू कोरलीची आहे. दारापासची माझी. ती कोणालाही द्यायची नाही.